वेळेवर येणारी

सिग्नल केव्हाच सुटला होता, तरी बाई रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहिल्या. मागच्या एका गृहस्थानं "जायचंय की इथंच बिऱ्हाड करायचंय?" असं पुटपुटत त्यांना वळसा घातला. समोर औषधांच्या दुकानाला लागून फिजिओथेरपीचा नवा दवाखाना निघाला होता. त्याला दुकानासारखी मोठी काच होती, जणू आतली माणसं विकायलाच ठेवली आहेत. त्या काचेपलीकडे, भिंतभर आरशासमोर, त्यांच्या फुटबॉलच्या संघातली गजर उभी होती. उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत काळा कडक पट्टा, दोन्ही गुडघे जरासे वाकवलेले, हात पुढं. पांढऱ्या बुटांतली एक तरुण फिजिओ तिच्यापुढं उकिडवी बसून गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट धरून होती. आतलं बोलणं रस्त्यावर ऐकू येत नव्हतं, पण बाईंना शब्दन्‌शब्द कळत होता. आत नको जाऊ देऊस, पंजाच्या रेषेत ठेव, आत नको. वर्षभर त्या स्वतः हेच तर ओरडत होत्या, मैदानाच्या कोपऱ्यात, दुसऱ्याच मुलींवर. आणि गजर रडत होती. हुंदका नाही, तोंड वेडंवाकडं नाही. व्यायाम अगदी चोख चालला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वॉशर गेलेल्या नळासारखं.

बाईंना वाटलं, निघावं. पाऊल उचललंही. पण तेवढ्यात आरशातून गजरला त्या दिसल्या आणि तिनं एकदम हात हलवला, ओल्या चेहऱ्यानं हसली. बाकावर बसलेल्या तिच्या आईनं मान वळवली. आता कुठं जाणार? आई दार ढकलून बाहेर आली ती हात कमरेला पुसतच. दिवसभर बेकरीत कणकेत हात असलेल्या बाईला, हात कोरडे असले तरी, बाहेर येताना ते पुसायची सवय असते.

"अहो बाई! उन्हात कशाला उभ्या? आत या की."

"नाही, मी जातच होते. कशी आहे?"

"डॉक्टर म्हणतात बरं चाललंय. पण ही बघा ना, रडूबाई. दुखतं का, तर नाही. मग का रडतेस, तर काही नाही. काही नाही म्हणून कोणी रडतं का?" आईनं काचेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "संध्याकाळी घरी या ना. हे घरी आहेत आज. कधीचे माझ्या मागं लागलेत, बाईंना बोलव, बाईंना बोलव. त्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलात थांबलात, आम्ही येईपर्यंत तिचा हात सोडला नाहीत. आभारसुद्धा मानले नाहीत आम्ही धड."

बाई "येते" म्हणाल्या. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं आणि त्यातून "येते" आलं.

शिव्या खायची तयारी त्यांनी करून ठेवली होती. ऑपरेशन झाल्यापासून रोज, भांडी विसळताना, बसमध्ये, शाळेच्या जिन्यावर, त्या उत्तरं जुळवत होत्या. मैदान तासभरच मिळतं. मुली ऐकत नाहीत. खेळ म्हटला की लागायचंच. ही वाक्यं इतकी घोटली होती की त्यांना आता इस्त्री केल्यासारखी घडी पडली होती. पण ओरडायला कोणी आलंच नाही. ना आईबाप, ना मुख्याध्यापक, ना कोणी. आणि आता आभार. शिवीला उत्तर असतं, आभाराला काय असतं? त्याला फक्त हसायचं असतं आणि "त्यात काय एवढं" म्हणायचं असतं. ते "त्यात काय एवढं" बाईंनी वाटेत मनातल्या मनात म्हणून बघितलं. कान तापले. शाळेत पोचल्यावर त्यांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, तरी कान तापलेलेच.

मुली त्यांना 'शिट्टी' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. गजर हे नावही मुलींनीच ठेवलेलं. पहारेकऱ्यानं फाटक उघडायच्या आधी ही फाटकाला टेकून बसलेली असायची, बुटांचे बंद बांधून. आणि निवांत म्हणजे ती दुसरी, उंच, गोलरक्षक, जिला आयुष्यात कुठंच वेळेवर पोचता आलं नव्हतं. "बाई, मी जन्मलेसुद्धा उशिरा, आईला विचारा," असं ती तोंडावर सांगायची. आजही सरावाला ती उशिराच आली, दप्तर एका खांद्यावर, तोंडात काहीतरी. आणि कोणी काही बोलायच्या आधी स्वतःहून मैदानाच्या कोपऱ्याकडे वळली. "जाते, जाते. माझी जागा ठरलेली आहे." बाकीच्या हसल्या. ज्या वेळेवर आल्या होत्या त्यांच्या पायांत चेंडू होता.

तो कोपरा बाईंनीच तयार केला होता. दीड-दोन वर्षांपूर्वी खेळाच्या शिक्षकांचं शिबिर झालं, तिथं एका किडकिडीत प्रशिक्षकानं सांगितलं होतं, की पोरींचे गुडघे जातात ते बहुतेक वेळा कोणी पाडल्यामुळं जात नाहीत. उडी मारून उतरताना जातात, धावता धावता वळताना जातात, आणि कोणी हातही लावलेला नसतो. मग त्यानं सरावाच्या आधी करायचे व्यायाम दाखवले. हळू धावणं, एका पायावर तोल, पोट आणि पाठ घट्ट करणं. गुडघे टेकून बसायचं, जोडीदारणीनं मागून दोन्ही घोटे जमिनीवर दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं, मांड्यांची मागची बाजू सोसवेना इतकी ताणेस्तोवर. आणि उड्या. उतरताना गुडघे वाकले पाहिजेत, आत वळता कामा नयेत, आणि आवाज होता कामा नये. नेमानं केलं तर पुष्कळ गुडघे वाचतात, म्हणाला. बाई भारावून घरी आल्या होत्या. स्वयंपाकघरात उड्या मारून बघत होत्या तेव्हा त्यांचे यजमान, जे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि त्यामुळं कुठल्याही गोष्टीकडे एक डोळा बारीक करूनच बघतात, म्हणाले होते, "खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले नाहीत, म्हणजे बरोबर उतरतेयस."

मुलींना मात्र त्याचा कंटाळा. "बाई, चेंडू कधी?" मैदान तासाभरासाठी, आणि दुसऱ्या शाळेची मुलं फाटकाला लोंबकळत वाट बघायची. आठवडाभर बाईंनी रेटलं. मग एके दिवशी निवांत अर्धा सराव संपल्यावर डुलत डुलत आली. बाईंचं डोकं फिरलं आणि त्या ओरडल्या, "जा, त्या कोपऱ्यात! ते सगळे व्यायाम कर, आणि ते होईस्तोवर चेंडूला पाय लावायचा नाही!" सगळ्या खिदळल्या. दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्या दोघी स्वतःच कोपऱ्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी नियम झाला, कोणी न करता झाला. वेळेवर आलात तर चेंडू, उशीर झाला तर व्यायाम. आणि काय सांगावं, जादूच झाली. मुली पळत येऊ लागल्या. गजर संघात आली ती हा नियम झाल्यानंतर. मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, "शिस्त बघायची तर बाईंच्या मैदानावर जा." बाई त्या दिवशी घरी येताना दोन थांबे चालत आल्या होत्या, नुसत्या आनंदानं. शिस्त जितकी वाढत गेली तितका कोपरा ओस पडत गेला, आणि त्यांना ते दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. ओस कोपरा बघून त्यांना बरं वाटायचं.

आज त्या कोपऱ्याकडे त्यांना बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. निवांत उडी मारत होती. एवढं उंच, आडमाप अंग, आणि खाली उतरताना गवतालासुद्धा कळू नये असं उतरत होतं. गुडघे पंजांवर, पाठ सरळ. वर्षभराच्या आळशीपणानं तिला घडवलं होतं. इकडे वेळेवर आलेल्या मुली धपाधप उतरत होत्या, गुडघे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे आत वळवून. शिट्टी ओठांत होती. फुंकायची, सगळ्यांना कोपऱ्यात न्यायचं, झालं. पण मग कोणीतरी विचारणारच, "आज कोणाला उशीर झाला, बाई?" नियम बदलायचा तर का बदलला ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे गजरचं नाव घ्यावं लागणार. म्हणून इतके आठवडे नियम तसाच होता. एका मुलीचा गुडघा गेल्यावरही तसाच. ही गोष्ट बाईंनी यजमानांनासुद्धा सांगितली नव्हती. त्यांनी एकदा विचारलं होतं, "तुला कोणी काही बोललं का?" "नाही." "मग अशी का बसलीस?" "कोणी बोललं नाही म्हणूनच." त्यावर त्यांनी एक डोळा बारीक केला होता.

त्या दिवशीची सामन्यातली उडी किती साधी होती. कोपऱ्यावरून चेंडू आला, गजर उसळली, डोक्यानं चेंडू मारला, छान मारला, आणि उजव्या पायावर उतरली. गुडघा आत गेला. बस्स. पंचानं शिट्टीसुद्धा वाजवली नाही, कारण नियम मोडणारं काही घडलंच नव्हतं. बाई धावत आत गेल्या त्या गजरकडे नाही, जवळ उभ्या असलेल्या समोरच्या संघातल्या पोरीकडे. "ढकललंस ना? ढकललंस ना तिला?" ती पोरगी दोन्ही हात वर करून मागं मागं जात होती, "मी नाही, खरंच नाही, मी लांब होते," आणि तिचा आवाज चिरकत होता. तिच्या चेहऱ्यावरची ती भीती बाईंना अजून झोपू देत नसे. कारण ओरडत असतानाच त्यांना पक्कं ठाऊक होतं की कोणी ढकललेलं नाही. त्यांना फक्त कोणीतरी ढकललेलं असायला हवं होतं. मग हॉस्पिटलात, स्ट्रेचरवर, गजरनं विचारलं होतं, "बाई, माझं काय चुकलं?" "काही नाही, बाळ," बाई म्हणाल्या होत्या, आणि तिचा हात धरून बसल्या होत्या. तोच हात, ज्याचे आता आभार मानले जाणार होते.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना वरून एक म्हातारे गृहस्थ उतरत होते, त्यांचा गुडघा प्रत्येक पायरीला आत वळत होता, आणि बाईंच्या तोंडून सवयीनं "गुडघा सरळ" असं निघता निघता राहिलं. दार वडिलांनीच उघडलं. ते शहराच्या बसवर चालक होते. घरातही चालण्यात एक सावधपणा, वळण घेताना आधी मागं बघायची लकब. "या, या बाई. बसा. ही खुर्ची नको, ती डगमगते. इकडं बसा." आईनं चहा आणला, बेकरीची खारी आणली. गजर पाय लांब करून पलंगावर बसली होती, पाठीमागं उशा. बाईंना बघून तिनं बसल्या बसल्याच अंग सावरलं. मैदानावर सावरायची तसंच. ते बघून बाईंनी चहाचा कप उगाचच दोन्ही हातांनी धरला.

"तुमचे उपकार आहेत," वडील म्हणाले. "मी त्या दिवशी मार्गावर होतो. गाडी सोडून येता येईना. तुम्ही होतात म्हणून."

"त्यात काय एवढं," बाई म्हणाल्या. खरंच म्हणाल्या.

"नाही कसं? आणि तुम्ही काळजी घेत होतात हे आम्हाला माहितीय. तिला संघात घातली तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला, लागणार तर नाही ना, तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, त्यासाठी खास व्यायाम घेतो म्हणून. मला ते फार पटलं होतं. आम्हीही डेपोतून गाडी काढण्याआधी ब्रेक बघतो, टायर बघतो. सगळं बघूनही व्हायचं ते होतंच एखादवेळी. काय गं, रोज घ्यायच्या ना बाई व्यायाम?"

बाईंनी गजरकडे बघितलं नाही. खारीच्या बशीकडे बघितलं. खारीचे पापुद्रे मोजता येतील इतकं बारकाईनं बघितलं. आता ही सांगेल, त्यांना वाटलं, आणि त्या विचारानं भीतीबरोबरच एक सुटका, थंड पाण्यासारखी, अंगावरून गेली.

"हो," गजर म्हणाली. "रोज. मी सगळ्यात चांगली करायचे."

सहज म्हणाली. डोळासुद्धा न लवू देता. एवढ्याशा मुलीनं आपल्याला पाठीशी घातलं, पदराखाली घ्यावं तसं घातलं, आणि आपण त्या पदराखाली मुकाट बसलो आहोत, हे बाईंना दिसत होतं. चहा कोमट झाला होता. त्यांनी तो प्यायला.

"बघा," आई म्हणाली, आणि हात कमरेला पुसले. "मग माझंच म्हणणं खरं झालं की नाही? यांना मी तेच सांगत होते. बाईंनी सगळं केलं, हिनंही सगळं केलं, रोज केलं, तरी गुडघा गेला. म्हणजे हिचा गुडघाच कच्चा. देवानंच तसा दिलाय, त्याला कोण काय करणार? आता पुरे. चालता आलं म्हणजे मिळवलं. फुटबॉल बंद."

"आई!"

"आई नाही आणि बाई नाही. बाई, तुम्हीच सांगा हिला. तुमचं ऐकते. दुसरा गुडघा जायची वाट बघायची का?"

गजरचा चेहरा बाईंनी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. तिला कळलं होतं. आपण बाईंसाठी जे दार लावून घेतलं त्यात आपलीच बोटं सापडली, हे तिला आत्ता, या क्षणी कळलं होतं. आणि तरी ती बाईंकडे बघत नव्हती, मागत नव्हती. वेळेवर येणाऱ्या मुलींची हीच गोष्ट, त्या मागत नाहीत.

"तिचा गुडघा कच्चा नाही," त्या म्हणाल्या. "मी तिच्याकडून व्यायाम करून घेतले नाहीत."

वडील हसले. समजूतदारपणे हसले, हेच वाईट. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय, बाई. ती स्वतः सांगतेय ना."

"ती खोटं सांगतेय."

बाईंना वाटलं, आपण हेही तिच्याच अंगावर ढकलतोय. पण आता थांबायला जागा नव्हती. "त्यात एक व्यायाम आहे, तो एकटीला करता येत नाही. गुडघे टेकायचे आणि मागून कोणीतरी घोटे धरायचे. तो करणाऱ्या प्रत्येकीची धरणारी ठरलेली असते. विचारा तिला. तुझे घोटे कोण धरायचं, बाळ?"

गजरनं ओठ दाबले. एखादं नाव सहज सांगता आलं असतं, संघ भरून नावं होती. बाईंना ते दिसत होतं, ती नाव शोधत होती, आणि तिला सापडत नव्हतं, कारण तिचे घोटे कधी कोणी धरलेच नव्हते.

"कोणी नाही," ती शेवटी म्हणाली. आणि मग एकदम, रागानं, "मी कधी उशिरा आलेच नाही तर! ते उशिरा येणाऱ्यांना असतात. शिक्षा असते ती. आज त्या ताई मला तेच करायला लावत होत्या, तेच, आरशासमोर उभं करून. मला वाटलं, मी काय केलं? मी काय केलं म्हणून?" आणि दुपारी नळासारखं वाहिलेलं ते आता आवाजासकट आलं, नाक, खांदे, सगळं हलवत.

वडील उठले, तिच्याजवळ बसले, आणि काय करावं न कळून तिच्या पट्ट्याची सैल झालेली कड नीट करू लागले. त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. ब्रेक न बघता गाडी बाहेर काढणाऱ्या चालकाकडे त्यांनी जसं बघितलं नसतं, तसं. बाईंनी पाठ केलेली सगळी वाक्यं, मैदान तासभर मिळतं, मुली ऐकत नाहीत, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि एकही उचलवेना. "मला त्या नियमाचा अभिमान वाटायचा," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणता आलं.

आई उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते बाईंना वाचता येईना. राग होता, तो दिसत होता. पण त्याच्या मागं आणखी काहीतरी हिशेब चालला होता, पीठ किती, पाणी किती, असा.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "गुडघा चांगला होता."

"हो."

"आणि हे व्यायाम केले तर परत खेळता येईल?"

"लगेच नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हा. खूप दिवस लागतील. खात्री मी देऊ शकत नाही. मागं दिली होती."

गजर रडायची थांबली होती. श्वास धरून ती आईकडे बघत होती. आईनं मधलं टेबल पायानं बाजूला सरकवलं, कपबशा किणकिणल्या. सतरंजीची घडी जमिनीवर टाकली.

"घोटे कसे धरायचे ते दाखवा. मला दाखवा. मैदानावरच्या कोणाचा भरवसा मी आता धरणार नाही."

"हे तिला इतक्यात करायचं नाहीये..."

"माहितीय. मला शिकायला वेळ लागतो. बसा तुम्ही."

बाईंनी चपला काढल्याच होत्या. साडीचा पदर खोचला, आणि त्या घरातल्या तिघांसमोर सतरंजीवर गुडघे टेकले. स्वतःच्या तळपायांना पडलेल्या भेगा आता मागून दिसत असतील, असं त्यांच्या मनात आलं. मग आईचे हात आले. कणीक मळणारे हात, कोरडे आणि गरम. त्यांनी घोटे असे काही दाबले की हाडं सतरंजीत रुतली. "पाठ सरळ ठेवायची," बाई समोरच्या भिंतीला म्हणाल्या, "कमरेत वाकायचं नाही, आणि सावकाश." त्या पुढं झुकू लागल्या. मांड्यांच्या मागं शिरा ताणत गेल्या, थरथरल्या, आपलं वय, आपलं वजन, सगळं त्या दोन दोरांवर आलं. थोडं पुढं जाऊन ते सुटलं आणि त्या हातांवर धपकन् पडल्या. तोंड सतरंजीजवळ. धुळीचा आणि व्हॅनिलाचा वास. खालच्या मजल्यावर आवाज नक्की गेला असेल.

त्यांनी उठायला मागं जोर दिला. घोटे सुटले नव्हते.

"कळलं नाही मला," वरून आईचा आवाज आला, शांत. "आणखी एकदा."